काम काय करता? वासाने आजारी पडणाऱ्यांसाठी डॉ. रामाझिनी यांची गोष्ट

समजा, तुम्ही वैरागमध्ये राहता. फरशी फिनेलने पुसली की तुमचे डोके दुखू लागते. शेजारी कोणी भिंतींना ऑइल पेंट लावला की मळमळते. बसमध्ये जवळच्या माणसाने सेंट मारलेला असेल, तर छाती भरून येते आणि उतरावेसे वाटते. आधी फक्त फवारणीच्या औषधाचा वास सोसत नव्हता. आता अगरबत्ती, साबणाची पावडर, नवीन साडीचा वाससुद्धा नको होतो. तुम्ही बार्शीला दाखवले, सोलापूरला दाखवले. रक्त तपासले, छातीचा फोटो काढला, कोणी डोक्याचा स्कॅनही करून घेतला. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. मग घरात कुजबुज सुरू होते की हिला काही झालेले नाही, हे सगळे मनाचे आहे.

अशा त्रासाला आज डॉक्टर मल्टिपल केमिकल सेन्सिटिव्हिटी हे नाव देतात. याचा अर्थ असा की इतरांना ज्याने काहीच होत नाही, इतक्या थोड्या प्रमाणातली अनेक रसायने या माणसाला सोसत नाहीत. त्याचे निदान कसे करायचे आणि उपचार काय, हे समजण्यासाठी तुम्हाला एका जुन्या डॉक्टरांची ओळख करून द्यायची आहे. ते तीनशे वर्षांपूर्वी इटलीत होऊन गेले. त्यांच्याजवळ रक्ताची तपासणी नव्हती, एक्स-रे नव्हता, स्टेथोस्कोपही नव्हता. त्यांच्याजवळ एक प्रश्न होता. तोच प्रश्न आजही अनेकदा विचारायचा राहून जातो. त्यांचे नाव बर्नार्डिनो रामाझिनी.

कार्पीचा मुलगा, हिवतापाचा रुग्ण

रामाझिनी यांचा जन्म १६३३ साली उत्तर इटलीतल्या कार्पी या लहान गावात झाला. पार्मा येथील विद्यापीठात त्यांनी आधी तत्त्वज्ञान आणि नंतर वैद्यकशास्त्राचा अभ्यास केला. १६५९ साली ते डॉक्टर झाले. पुढे रोमला जाऊन त्यांनी एका अनुभवी वैद्यांच्या हाताखाली काम केले आणि मग रोमच्या उत्तरेकडच्या ग्रामीण भागात दवाखाना सुरू केला.

तो दलदलीचा भाग होता. तिथे त्यांना हिवताप झाला. ताप पुन्हा पुन्हा येत राहिला, तब्येत खालावली आणि त्यांना काम सोडून कार्पीला परतावे लागले. म्हणजे ज्या जागी आपण राहतो आणि काम करतो, ती जागा शरीराला काय करू शकते, हे त्यांनी स्वतः भोगले होते. पुढे हिवतापावर सिंकोनाच्या सालीचा उपयोग करावा, असे ठामपणे मांडणाऱ्या डॉक्टरांमध्ये ते होते. क्विनीन हे औषध याच सालीतून मिळते.

१६७१ साली ते मोडेना या शहरात आले. तिथे सुरुवातीला त्यांना विरोध झाला, पण हळूहळू जम बसला. १६८२ साली मोडेनाच्या विद्यापीठात ते वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक झाले. इथपर्यंतची गोष्ट कोणत्याही हुशार डॉक्टरची असू शकते. ती बदलली एका संडासाच्या खड्ड्यामुळे.

खड्ड्यातला माणूस

त्या काळी मोडेनात घरे दाटीवाटीने होती आणि प्रत्येक घराचा मैला खाली हौदात साठे. दर काही वर्षांनी तो हौद उपसावा लागे. रामाझिनी यांच्या घरचा हौद उपसायला माणसे आली, तेव्हा ते पाहत उभे राहिले. त्यांच्या लक्षात आले की खाली उतरलेला माणूस जीव तोडून, घाईघाईने काम करतो आहे. त्यांनी त्याला विचारले की एवढी घाई कशाला, जरा दमाने केले तर थकवा कमी येईल. त्या माणसाने वर पाहिले आणि सांगितले की या जागी चार तासांपेक्षा जास्त थांबले तर माणूस आंधळा होतो.

तो वर आल्यावर रामाझिनी यांनी त्याचे डोळे नीट पाहिले. ते लालभडक झाले होते आणि दिसायला अंधुक झाले होते. यावर तुम्ही काय करता, असे त्यांनी विचारले. लगेच घरी जायचे, अंधाऱ्या खोलीत दुसऱ्या दिवसापर्यंत पडून राहायचे आणि कोमट पाण्याने डोळे धूत राहायचे, एवढाच उपाय त्या माणसांना ठाऊक होता. मग रामाझिनी यांनी शहरात चौकशी केली. पूर्वी हेच काम केलेली, पण आता एका किंवा दोन्ही डोळ्यांनी आंधळी झालेली माणसे त्यांना भीक मागताना दिसली.

आज आपल्याला माहीत आहे की मैल्याच्या बंद खड्ड्यात हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू तयार होतो. सडक्या अंड्यासारखा वास असणारा हा वायू डोळ्यांच्या बुबुळांना इजा करतो. प्रमाण जास्त असेल तर तो काही क्षणांत जीवही घेतो. सेप्टिक टँक साफ करायला उतरलेली माणसे दगावल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. रामाझिनी यांना या वायूचे नाव माहीत असण्याची शक्यता नव्हती. पण कारण खड्ड्यात आहे, त्या माणसाच्या नशिबात किंवा मनात नाही, हे त्यांनी ओळखले. अशा कामगारांनी चेहऱ्यावर जनावराच्या मूत्राशयाची पारदर्शक पिशवी बांधावी, म्हणजे डोळे वाचतील, असा सल्ला त्यांनी दिला. त्या काळातला तो मास्क होता.

इथे तुमच्यासाठी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. निदानाची सुरुवात डॉक्टरांच्या ज्ञानातून झाली नव्हती. खड्ड्यातल्या माणसाला स्वतःच्या आजाराबद्दल जे माहीत होते, त्यातून ती झाली. चार तास, नंतर अंधारी खोली, दुसऱ्या दिवशी थोडे बरे, हा सगळा तपशील रुग्णाने दिलेला होता. डॉक्टरांनी तो ऐकून घेतला आणि खरा मानला.

दुकानादुकानांत फिरणारा प्राध्यापक

त्यानंतर रामाझिनी मोडेनातल्या कामाच्या जागा पाहत फिरू लागले. कुंभारवाडा, रंगाऱ्यांची दुकाने, चामडे कमावण्याच्या जागा, तेलाचे घाणे, धोबिणींचे घाट, छापखाने. विद्यापीठातल्या प्राध्यापकाने असल्या जागी जाणे तेव्हा कमीपणाचे मानले जाई. त्यांना त्याची लाज वाटली नाही.

रुग्णाकडे कसे जावे, याबद्दलही त्यांचे म्हणणे स्पष्ट होते. डॉक्टर गरिबाच्या घरी गेला तर त्याने उभ्या उभ्या नाडी पाहून निघू नये. मिळेल त्या स्टुलावर, सोन्याच्या खुर्चीवर बसल्यासारखे, निवांत बसावे आणि विचारपूस करावी. जुन्या ग्रीक वैद्यकाने काही प्रश्न ठरवून दिले होते. काय त्रास होतो, कशामुळे होतो, किती दिवसांपासून आहे, पोट साफ होते का, काय खाल्ले. या यादीत रामाझिनी यांनी आपला एक प्रश्न वाढवला. रुग्ण काम काय करतो, हेही विचारावे.

१७०० साली मोडेनात त्यांचे लॅटिन भाषेतले पुस्तक छापले गेले. त्यात चाळीसहून अधिक कामधंद्यांचे आजार एकेक करून सांगितले होते. १७१३ साली दुसरी आवृत्ती आली, तेव्हा त्यांनी आणखी डझनभर धंद्यांची भर घातली. कामाच्या ठिकाणच्या आजारांचे वैद्यकशास्त्र या पुस्तकापासून सुरू झाले, असे मानले जाते.

त्यांनी पाहिलेले आणि तुम्ही ओळखाल असे

या पुस्तकातले आजार तुम्हाला परके वाटणार नाहीत.

तंबाखू. तंबाखूची पूड करणाऱ्या कामगारांना डोकेदुखी, चक्कर, मळमळ आणि सतत शिंका येतात, हे त्यांनी नोंदवले. त्या गिरण्या ओढणारे घोडेही मान झटकत आणि खोकत, असे त्यांनी लिहिले आहे. घोड्याला कोणी मनाचा आजार आहे असे म्हणणार नाही. सोलापुरात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. ज्या खोलीत तंबाखूचे सूप असते, तिथेच स्वयंपाक होतो आणि लेकरू झोपते. अशा घरातल्या बाईचे डोके रोज दुखत असेल, तर तंबाखूबद्दल विचारल्याशिवाय निदान पुरे होत नाही.

धान्याची धूळ. धान्य चाळणाऱ्या आणि मोजणाऱ्या माणसांचा घसा, डोळे आणि फुप्फुसे त्या बारीक धुळीने खराब होतात, अंगाला खाज सुटते आणि दम लागतो, हे त्यांनी पाहिले. ज्वारीची मळणी सुरू असताना मशीनसमोर उभे राहिलेल्या किंवा तुरीचा भुस्सा भरलेल्या कोणालाही हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

सुताची आणि तागाची धूळ. अंबाडी-ताग पिंजणाऱ्यांना होणारा खोकला आणि दमही त्यांनी नोंदवला. पुढे कापडगिरण्या आल्यावर कापसाच्या धुळीने होणारा असाच आजार जगभर दिसला. त्याची खूण अशी की आठवड्याची सुट्टी संपवून माणूस पहिल्या दिवशी कामावर गेला की छाती आवळते. सोलापूरच्या गिरण्यांत आयुष्य घालवलेल्या आजोबांना हे विचारून पाहा.

शिसे आणि रंग. मातीच्या भांड्यांना झिलई देण्यासाठी कुंभार शिसे वापरत. आधी त्यांचे हात थरथरत आणि मग लुळे पडत. रंगाऱ्यांचे चेहरे पांढरेफटक दिसत.

औषधे बनवणारे. हा तपशील तुमच्यासाठी सर्वात महत्त्वाचा आहे. दुसऱ्यांना बरे करण्यासाठी औषधे कुटणारे लोक स्वतःच त्या वासांनी आजारी पडत. गुलाबासारख्या सुगंधी फुलांचा अर्क काढतानाही काहींचे डोके ठणके. म्हणजे वास चांगला की वाईट, यावर त्रास अवलंबून नसतो. एकाला सोसते ते दुसऱ्याला सोसेलच असे नाही, ही गोष्टही तेव्हापासून दिसत आली आहे.

फिनालेचा खटला

रामाझिनी यांच्या पुस्तकात एक हकीकत आहे. मोडेनाच्या राज्यात फिनाले नावाचे गाव होते. तिथे मोडेनाच्या एका व्यापाऱ्याचा मोठा कारखाना होता. त्यात पाऱ्याचा एक विषारी क्षार बनवला जाई आणि त्यासाठी भट्टीत रसायने भाजली जात. त्या भट्टीच्या धुराने आसपासची हवा बिघडते आणि लोक आजारी पडतात, म्हणून कारखाना गावाबाहेर न्यावा, असा दावा गावातल्या एका रहिवाशाने कोर्टात लावला.

त्या रहिवाशाने पुरावा म्हणून डॉक्टरांचा दाखला आणला. शिवाय चर्चमधली मृत्यूंची नोंदवही आणली. कारखान्याच्या आजूबाजूच्या वस्तीत दरवर्षी इतर भागांपेक्षा जास्त माणसे मरतात आणि त्यांत छातीच्या आजाराने मरणारे पुष्कळ असतात, असे त्या वहीवरून दिसत होते. एका बाजूने गावातला डॉक्टर उभा राहिला, तर कारखान्याच्या बाजूनेही एक विद्वान उभा राहिला. दोन्हीकडून लेखी वाद झाले. शेवटी निकाल व्यापाऱ्याच्या बाजूने लागला आणि धूर निर्दोष ठरला. हा निकाल बरोबर होता की नाही, हे रामाझिनी यांनी निसर्गशास्त्र जाणणाऱ्यांवर सोपवले. पण त्यांनी ही हकीकत पुस्तकातून वगळली नाही.

या खटल्यातून दोन धडे घेता येतात. पहिला हा की तक्रार खरी असूनही ती सिद्ध होईलच असे नाही. तुम्हाला कोणी विश्वास ठेवला नाही म्हणून तुमचा त्रास खोटा ठरत नाही. दुसरा धडा हा की त्या रहिवाशाने नुसती तक्रार केली नव्हती, तर तो नोंदी घेऊन गेला होता. कुठे, कधी, किती जण, असे लिहिलेले त्याच्या हातात होते. दवाखान्यात जाताना तुम्हालाही नेमके हेच करायचे आहे.

रामाझिनी यांच्यानंतर काय कळले

रामाझिनी यांनी जे पाहिले, त्यात बहुतेकदा रसायनांचे प्रमाण भरपूर होते. खड्डाभर वायू, खोलीभर धूळ. पण फिनेलच्या एका झुळकीने आजारी पडणाऱ्या माणसाचे काय? हा प्रश्न विसाव्या शतकात पुढे आला. १९५० च्या सुमारास अमेरिकेतले ॲलर्जीतज्ज्ञ थेरॉन रँडॉल्फ यांनी असे रुग्ण नोंदवायला सुरुवात केली. १९८७ साली मार्क कलेन या डॉक्टरांनी त्याची व्याख्या मांडली. १९९९ साली काही तज्ज्ञांनी मिळून निकष ठरवले. ते साध्या भाषेत असे आहेत: त्रास दीर्घकाळ असतो, संपर्क आला की दरवेळी होतो, थोड्याशा प्रमाणानेही होतो, दूर गेले की कमी होतो, एकमेकांशी संबंध नसलेल्या अनेक पदार्थांनी होतो आणि शरीराच्या एकापेक्षा जास्त भागांत जाणवतो.

आता खरे तेच सांगायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत याची स्वतंत्र नोंद नाही. याचे निदान करणारी रक्ताची किंवा दुसरी कोणतीही एक तपासणी नाही. काही प्रयोगांमध्ये रुग्णांना खरे रसायन आणि साधी हवा, कोणती कधी हे न कळता, देऊन पाहिले गेले. तेव्हा बऱ्याच जणांना साध्या हवेनेही तसाच त्रास झाला. यावरून असे दिसते की वासाची जाणीव, धोक्याची भीती आणि मेंदूचा इशारा देण्याचा मार्ग यांचा या आजारात मोठा वाटा असावा. पण यावरून रुग्ण नाटक करतो असा अर्थ निघत नाही. डोके खरोखर दुखते, छाती खरोखर भरते. एकदा जोरदार मिरचीचा ठसका लागलेल्या माणसाला नुसता तवा पाहून खोकला येतो, तो खोकलाही खराच असतो.

तुमचे निदान कसे होईल

रामाझिनी यांचा प्रश्न आज तुम्ही स्वतःलाच विचारा आणि उत्तर कागदावर लिहा. दोन-तीन आठवडे एक साधी वही ठेवा. रोज एवढेच लिहा:

- त्रास किती वाजता सुरू झाला आणि किती वेळ राहिला.
- त्याआधी तासाभरात तुम्ही कुठे होता, काय करत होता, कशाचा वास आला.
- त्रास नेमका काय झाला: डोके, नाक, छाती, पोट, त्वचा की चक्कर.
- जागा बदलल्यावर बरे वाटले का.
- सुट्टीच्या दिवशी किंवा माहेरी, परगावी गेल्यावर त्रास कमी होता का.
- झोप, जेवण, पाळी आणि त्या दिवसाची दगदग.

घरातल्या प्रत्येकाचे काम काय, हेही लिहा. नान्नज-वैराग पट्ट्यात द्राक्षाच्या बागा आहेत. फवारणी करून आलेल्या माणसाचे कपडे घरातल्या बाईच्या हाताने धुतले जातात. ती शेतात गेली नाही तरी औषध तिच्यापर्यंत पोहोचते. बेदाण्याला गंधकाची धुरी देण्याच्या जागी काम असेल तर तेही सांगा, कारण दम्याच्या रुग्णाला गंधकाचा धूर हमखास बाधतो. चूल, बंद न्हाणीघरातला गॅस गीझर, डासांची कॉइल, केसांचा रंग, ब्यूटी पार्लरचे काम, हे सगळे या यादीत येते.

ही वही पाहून डॉक्टर आधी दुसरे आजार शोधतील. ते करायलाच हवे, कारण त्यांपैकी बऱ्याच आजारांवर चांगले उपचार आहेत. दमा असेल तर फुंकर मारण्याच्या तपासणीत, म्हणजे स्पायरोमेट्रीत, तो दिसू शकतो. वासाने उठणारी डोकेदुखी ही अनेकदा अर्धशिशी असते. वाहते किंवा चोंदलेले नाक ॲलर्जीचे असू शकते. थकवा आणि धाप यामागे रक्त कमी असणे, थायरॉइड किंवा क्षयरोगही असू शकतो. गॅस गीझर लावला की डोके जड होणे हे कार्बन मोनॉक्साइडचे लक्षण असू शकते आणि त्यात जिवाला धोका असतो. बायकांमध्ये नव्याने वास नकोसे झाले असतील तर गरोदरपणाचाही विचार करावा लागतो. छातीत धडधड आणि घाबरे होणे हे भीतीच्या झटक्याचे लक्षण असू शकते, आणि तोही उपचार होणारा आजार आहे.

एका गोष्टीत मात्र वही लिहीत बसू नका. फवारणीनंतर खूप घाम, तोंडाला लाळ, उलट्या, डोळ्यांपुढे अंधुक, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, अंग फडफडणे किंवा श्वासाला त्रास झाला, तर ती विषबाधा असू शकते. कपडे काढा, अंग साबण-पाण्याने धुवा, उलटी मुद्दाम काढू नका, १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली किंवा तिच्यावरचे लेबल सोबत न्या. धुणाऱ्या माणसाने हातमोजे घालावेत.

उपचार, आणि रामाझिनी यांची चूक

रामाझिनी थोर होते, पण ते त्यांच्या काळाचेच डॉक्टर होते. शरीरातल्या द्रवांचा तोल बिघडला की आजार होतो, असे तेव्हा मानत आणि रक्त काढणे, जुलाब देणे हे उपचार सगळेच करत. त्यांचे निरीक्षण टिकले, हे उपचार टिकले नाहीत. शरीरातले विष बाहेर काढण्याची ती जुनी कल्पना आज नव्या नावाने विकली जाते. डिटॉक्सचे महागडे कोर्स, गरज नसताना दिलेली सलाईन, शिसे वाढल्याचे सिद्ध न होता केलेला धातू काढण्याचा उपचार, एकामागून एक पदार्थ बंद करणारे पथ्य, यांचा मल्टिपल केमिकल सेन्सिटिव्हिटीत फायदा होतो असे दिसलेले नाही. काही उपचारांनी अपायही होतो.

या त्रासावर खात्रीचे एक औषध नाही. पण करण्यासारखे बरेच आहे. दमा, अर्धशिशी, ॲलर्जी, रक्त कमी असणे, यांपैकी जे सापडेल त्याचा नीट उपचार घ्या. घरातला संपर्क कमी करा: उग्र वासाच्या फिनेलऐवजी साधे साबण-पाणी, विडीचा तंबाखू झोपायच्या खोलीबाहेर, फवारणीचे कपडे वेगळ्या बादलीत, रंगकाम उघड्या खिडक्यांत आणि काही दिवस दुसऱ्या खोलीत मुक्काम. फिनेल आणि ब्लीच किंवा ॲसिड कधीही एकत्र ओतू नका.

त्याचबरोबर सगळे जगच बंद करू नका. सुरुवातीला एका वासापासून दूर राहिले की बरे वाटते. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. हळूहळू लग्नकार्य, बाजार, देऊळ सगळे सुटते आणि माणूस एका खोलीत अडकतो. जितके जास्त टाळू, तितकी मेंदूची धास्ती वाढते. म्हणून खरोखर घातक असलेला संपर्क तोडायचा आणि बाकीच्या गोष्टींकडे डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडे थोडे परत जायचे. यात समुपदेशनाचा, शांत श्वासाच्या सरावाचा आणि नियमित चालण्याचा काही जणांना उपयोग होतो. मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवले म्हणजे तुम्हाला खोटे ठरवले, असे मानू नका.

घरच्यांनो, तुमच्यासाठीही एक विनंती. तिच्यासमोर मुद्दाम अगरबत्ती लावून परीक्षा घेऊ नका आणि दर अर्ध्या तासाला त्रास होतोय का असेही विचारू नका. वही लिहायला मदत करा आणि दवाखान्यात सोबत जा.

पाडुआतली शेवटची वर्षे

ज्या वर्षी पुस्तक छापले, त्याच वर्षी, १७०० मध्ये, रामाझिनी यांना पाडुआच्या प्रसिद्ध विद्यापीठात बोलावले गेले. तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. तब्येत चांगली नव्हती. छातीत धडधड होई, डोके दुखे आणि पुढे दृष्टीही अधू होत गेली. वाचायला आणि लिहायला त्यांना इतरांची मदत घ्यावी लागे. डोळे गमावलेल्या कामगारांपासून ज्याचे काम सुरू झाले, त्याच्या वाट्याला अखेरीस तेच आले. तरी त्यांनी शिकवणे सोडले नाही आणि दुसऱ्या आवृत्तीत नवे धंदे जोडत राहिले. ५ नोव्हेंबर १७१४ रोजी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, मेंदूच्या झटक्याने पाडुआतच त्यांचे निधन झाले.

पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात आणि डॉक्टरांनी तुमचे काम विचारले नाही, तर राग मानू नका. गर्दी असते, वेळ कमी असतो. तुम्हीच आपणहून सांगा की तुम्ही काय काम करता, घरात कोण काय काम करते आणि त्रास कधी होतो. वही पुढे ठेवा. खड्ड्यातल्या त्या माणसानेही एवढेच केले होते.